कोरियाचा कौल

चंद्रावतीबाईंबद्दल मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. बारा वर्षं मी जवळजवळ रोज तासभर त्यांच्या शिवणाच्या खोलीत बसत होतो. तरी त्यांना भावंडं किती ते मी कधी विचारलं नाही, त्यांना कशाची आवड होती ते मला सांगता येणार नाही, आणि त्यांचं माहेरचं नाव विमला होतं हे मला त्या गेल्यावर बाराव्याच्या दिवशी कळलं. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी त्यांच्यावर दोन पानं लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, त्यांना जवळून ओळखणारे दुसरे कुणी असतील. "कोण?" असं त्यांनी विचारलं. मला एकही नाव सुचलं नाही.

त्यांचं माहेर पेडणे तालुक्यात. वडील दशावतारी मंडळाचे पोशाख शिवत. गोवा घटक राज्य झालं त्याच महिन्यात त्या लग्न होऊन सुर्ल्याला आल्या. नवरा सखाराम नाईक तेव्हा खाणीवरच्या दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मी डिचोलीच्या वाचनालयात कारकून होतो. ते दिवस भाषेच्या भांडणाचे. वाचनालयाच्या पायरीवर माणसं तावातावाने बोलत, मराठी की कोंकणी, आणि आत येऊन मला विचारत, "तुजें मत कितें रे?" मी पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत राहायचो. मला मत नव्हतं असं नाही. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटायचं, आणि बोललो की कुणीतरी दुखावेल असं वाटायचं. तो माझा स्वभाव पुढेही तसाच राहिला.

एकदा मात्र मी मत दिलं. तेच आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

दोन हजार अकरा साल. सखारामचा एक स्वतःचा टिप्पर झाला होता. सुर्ल्याची खनिज माती चीनला जात होती आणि घरटी एक गाडी उभी राहत होती. दुसरा टिप्पर घ्यावा की नाही, ते विचारायला तो वाचनालयात आला, कारण मी रोज सात वर्तमानपत्रं वाचतो हे त्याला माहीत होतं. चंद्रावतीबाई दाराशी चपला काढून उभ्या होत्या.

"भाऊ, हें टिकतलें मगे?" सखारामने विचारलं.

त्याच सकाळी मी कुठल्यातरी पेपरात वाचलं होतं की चीनची भूक अजून वीस वर्षं भागणार नाही. मी म्हटलं, "टिकतलें."

पुढच्या पावसाळ्यानंतर खाणी बंद झाल्या. दोन्ही टिप्पर सुर्ल्याला घराशेजारी फणसाखाली उभे राहिले. दुसऱ्या टिप्परच्या चाकांतून रानवेल वर गेली, ती आता आरशापर्यंत पोचली आहे. सखाराम त्यावरून माझ्या तोंडावर कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो. चंद्रावतीबाईंनी डिचोलीच्या बाजारात एक खोली घेतली आणि सुर्ल्याहून रोज बसने येऊन शिवण सुरू केलं. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पडद्यांच्या दुमडी, आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत माहेरच्या दशावतारी मंडळाचे पोशाख. वडिलांमागे ते काम त्यांच्याकडेच आलं होतं. रात्री नाटकात फाटलेलं दुसऱ्या दिवशी शिवून परत पाठवायचं, असा तो मामला. मी पेपर काखेत घेऊन घरी जाताना त्यांच्या दारावरून जायचो. एक दिवस त्यांनी हाक मारली.

"भाऊ, थोडो वाचून दाखवा मगे. माका वाचूक येता, पण हात मोकळे खय?"

तेव्हापासून मी वाचायचो आणि त्या मशीन चालवायच्या. त्या मला भाऊ म्हणत. मी त्यांना कुठल्याही नावाने हाक मारली नाही. "हें आयका" म्हटलं की भागायचं. मरणाच्या बातम्या त्यांना नको असायच्या. बाजारभाव, नाटकांच्या जाहिराती आणि लांबच्या देशांतल्या गोष्टी त्या लक्ष देऊन ऐकत.

दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात सेजल आली. कॉलेजात शिकणारी, इथलीच मुलगी. तिने मशीनवर फोन टेकवून ठेवला आणि एक व्हिडिओ लावला. सात मुलं, चकचकीत काळी जाकिटं, साखळ्या, कुणाचे केस जांभळे.

"आंटी, आमी सात जणां हो नाच करतांव. कोरियाचो. दोन फावट कपडे शिवून घेतले, दोनूय फावट काखेंत फाटले."

चंद्रावतीबाईंनी मशीन थांबवलं नाही. त्या आवाजात गाणं ऐकू येत नव्हतं, त्या फक्त नाचणाऱ्यांच्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "परत लाव." तिसऱ्यांदा बघून त्यांनी कपाटातून राक्षसपार्टीचा, म्हणजे राक्षसाचं सोंग करणाऱ्या नटाचा, जुना अंगरखा काढला आणि त्याची काख सेजलला उलटून दाखवली. तिथे चौकोनी कापडाचा एक तुकडा तिरका जोडलेला होता.

"राक्षस तलवार वर करता, तेव्हा ह्यो तुकडो उघडता. माझ्या बापाशीची युक्ती. तुझ्या कोरियाक पण राक्षसाचीच काख लागतली."

सेजल हसली. पण ती जाकिटं फाटली नाहीत. शिवाय नाटकातला नट विंगेत जाऊन क्षणात दुसरा वेष करून येतो, त्यासाठी पाठीला जशा नाड्या असतात तशी त्यांनी ह्या जाकिटांना टिचबटणं लावली. गाण्याच्या मध्यावर सातही जणांनी एका झटक्यात काळं जाकीट काढून फेकलं आणि आतून पांढरं निघालं. पणजीच्या स्पर्धेत म्हणे लोक उभे राहिले. मी गेलो नव्हतो. चंद्रावतीबाईही गेल्या नव्हत्या. सेजलने येऊन सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टाके उसवले नाय मगे?"

मग फोंड्याहून मुलं आली, मडगावहून आली. दिवाळीपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. माझा स्टूल दाराबाहेर गेला आणि मी तिथून मोठ्याने वाचू लागलो.

त्यात म्हापशाचा एक कापडवाला आला. त्याच्या दुकानाच्या माडीवर चार मशीनं, हाताखाली दोन मुली, आणि काम फक्त ह्या नाचाच्या कपड्यांचं. अट एकच. दिवाळी ते मे रोज तिथे हजर राहायचं, कारण स्पर्धा त्या दिवसांत असतात. दशावताराचा हंगामही तोच. म्हणजे मंडळाचं काम सोडावं लागणार होतं, आणि एकदा ते दुसऱ्याकडे गेलं की परत येणार नव्हतं. विचार करायला त्याने तीन आठवडे दिले.

"बोर्डार माझा नाव घालतलो म्हणता," त्या मला म्हणाल्या. छपन्नाव्या वर्षी त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा उजळलेला पाहिला. "खयचा नाव घालूचा, ता आधी ठरवूक व्हया."

मला वाटलं, दुकानाच्या नावाबद्दल बोलतायत. मी पुढची बातमी वाचली.

सखाराम संध्याकाळी त्यांना न्यायला स्कूटर घेऊन आला तेव्हा त्यालाही हे कळलेलं होतं. दारात उभा राहून म्हणाला, "पयलीं चीन, आतां कोरिया. आमच्या घराचें दार पूर्वेक आसा म्हणून काय?"

"दार पश्चिमेक फिरव मगे," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "फिरंग्यांचा तरी खय टिकला?"

तो गाडी वळवायला गेला तशा त्या माझ्याकडे वळल्या. हातात कात्री होती.

"भाऊ, ह्या टिकतला?"

टिप्परच्या वेळी वाचनालयाच्या दाराशी चपला काढून उभ्या राहिलेल्या बाईला सगळं आठवत होतं, याबद्दल मला शंका नाही. तरी त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, "वाचून सांगतां."

आणि मी खरंच वाचलं. पंधरा दिवस वाचनालयात बसून मी कोरियाच्या गाण्यांवरची जेवढी कात्रणं मिळाली तेवढी एका वहीत डकवली. वाचनालयातल्या संगणकावर नव्या कारकुनाकडून आणखी काही काढून घेतली. मला त्या संगीतातलं काही कळत नाही. एक गाणं पूर्ण ऐकायचा प्रयत्न केला, जमला नाही. पण त्या व्यवसायाचं कळायला लागलं. मुलं अकरा-बारा वर्षांची असताना कंपन्या त्यांना उचलतात, वर्षानुवर्षं शिकवतात, मग सात वर्षांचा करार. पोरं ऐन भरात आली की त्यांना सैन्यात जावं लागतं. सगळा डोलारा चार मोठ्या कंपन्यांवर. जगभर कुणी तबकड्या वाजवत नाही, तरी ह्यांच्या तबकड्या कोट्यवधींनी खपतात. एकेक मुलगी एकच तबकडी चार-पाच वेळा विकत घेते, कारण प्रत्येकीत आपल्या आवडत्या गायकाचं वेगळं छायाचित्र निघतं. एका लेखकाने लिहिलं होतं की हा फुगा आहे. ज्या वस्तूचा वापरच नाही तिचा खप किती दिवस चालणार?

हे सगळं मी त्यांना वाचून दाखवत होतो. सात वर्षांचा करार ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या मंडळात राजपार्टी करणारो सत्तर वर्सांचो असा. गुडघे वाजतत, पण मुकुट सोडना नाय." तबकड्यांचं ऐकून मात्र त्यांनी पाय मशीनवरून काढला.

"वाजवनत नाय आणि चार चार घेतत?"

"तशें बरयलां," मी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे नारळ," त्या म्हणाल्या. "देवाक आपण नारळ दितो, तो काय देव खाता म्हणान? ज्येचेर जीव असा तेका द्यायचो. त्या लेखकाक सांगा, नारळाचो धंदो अजून बुडूक नाय."

मी घरी जाऊन वहीत ते वाक्य लिहून ठेवलं. आणि पंधरा दिवसांच्या शेवटी, खूप उलटसुलट करून, त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं: दहा वर्षं तरी टिकेल. त्यांना पुरेल. ती वही माझ्याकडे आहे. अक्षर फिकं आहे, पण वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय ठरला भाऊ तुमचा?"

मला फणसाखालचा टिप्पर दिसला. मी म्हटलं, "हें म्हाका कशें कळटलें? देवाक विचारा."

त्यांनी हातातल्या कापडाची घडी केली. मग म्हणाल्या, "बरां. पण तुमी वांगडा येवा. प्रश्न नीट सांगूक कोणतरी व्हयो."

सखाराम आला नाही. "देवाक विचारपाचें तें टिप्पर घेतना विचारपाक जाय आसलें," असं म्हणाला. त्याचं तेवढं एकच वाक्य मला लागलं, आणि तेही माझ्याकडे न बघता बोललेलं.

आम्ही तीन बसेस बदलून पेडण्याच्या त्यांच्या माहेरच्या ग्रामदेवतेला गेलो. गुरवाने देवाला न्हाऊ घातलं, आणि काळ्या पाषाणावर पिटकोळीच्या फुलांच्या लाल पाकळ्या पाण्याने चिकटवल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. लग्न, घर, शेत, खटला, सगळं असंच विचारलं जातं.

"प्रश्न काय?" गुरव म्हणाला. "सरळ सांगा. देवाक आडवोतिडवो चलणा नाय."

चंद्रावतीबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "भाऊ सांगतले. ते वाचलेले असत."

पंधरा दिवस माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तेच तोंडातून बाहेर आलं. मी म्हटलं, "कोरिया देशातल्या गाण्यांचा जो व्यवसाय आज वाढतो आहे, तो टिकेल की नाही?"

गुरवाने मान वर केली. "देवाक कोरिया म्हायत असा मां?"

"माका पण खय म्हायत होतो," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

गुरव हसला, आणि हात जोडून गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा महाराजा, ही तुझी माहेरवाशीण डिचोलीसून इली हा. कोरिया म्हणान जो देश असा, त्या देशातल्या गाण्यांचो धंदो वाढलो हा. तो टिकतलो असात तर उजवी दी, नाय टिकणा तर डावी दी."

त्याचं वाक्य पुरं होता होताच डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली. इतकी लवकर पडलेली मी कधी बघितली नव्हती.

चंद्रावतीबाईंनी ती पाकळी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावली. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हापशाला बस बदलायची होती. तिथे उतरताना म्हणाल्या, "बरां झाला, विचारला." त्या कापडवाल्याचं दुकान बसस्टँडच्या मागेच होतं. तिकडे जाऊन त्यांनी नकार सांगितला. मी बाहेर उभा राहिलो.

माझी चूक मला त्या रात्री समजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या घरासाठी आम्ही आमच्या देवळात प्रसाद घेतला, म्हणजे असाच कौल लावला. तिथे भट म्हणाला, "त्या जाग्यार घर बांधूं काय ना, तें विचार. घर किती वर्सां रावतलें तें विचारूं नाका." तेव्हा ती समजली. कौल कसा विचारतात हे आमच्याकडे कुठल्याही बाईला माहीत असतं. मी हे काम करू की नको, एवढंच विचारायचं असतं. चंद्रावतीबाईंनाही ते माहीत असणार, पण मी शिकलेला म्हणून त्यांनी बोलायचं माझ्यावर सोपवलं. आणि मी देवाला विचारलं, हे टिकेल का. त्याला देव दुसरं काय सांगणार? आमच्या खाणी टिकल्या नाहीत, माझी नोकरी टिकली नाही. तसं विचारलं तर डावीच पडणार. त्यांनी हे करावं का, हा प्रश्न देवापुढे कुणी ठेवलाच नाही.

परत जाऊन नीट विचारता आलं असतं. कापडवाल्याने अजून दुसरं कुणी ठेवलं नव्हतं. मी चार दिवस त्यांच्या दाराशी तेच सांगायच्या तयारीने बसलो आणि पेपर वाचून उठलो. पाचव्या दिवशी सेजलने सांगितलं की म्हापशाला बेळगावचा एक शिंपी आला.

आता त्या माडीवर नऊ मशीनं आहेत, असं ऐकतो. बोर्डावर त्या शिंप्याचं नाव आहे. सेजलच्या नाचातली मुलं तिथेच शिवून घेतात. काखेतला तुकडा कसा जोडायचा, ते चंद्रावतीबाईंनी त्या शिंप्यासाठी सेजलजवळ कागदावर काढून दिलं होतं.

त्याच्या पुढच्या कार्तिकात दशावतारी मंडळाने सगळे पोशाख तयार विकत आणले. चकचकीत, हलके, फाटले तर टाकून द्यायचे. मंडळाचा माणूस राक्षसपार्टीचा जुना अंगरखा परत मागायलाही आला नाही. तो त्यांच्या कपाटात राहिला. खोलीत पुन्हा जागा झाली आणि माझा स्टूल आत आला. ब्लाउज, पडदे, गणवेशांच्या दुमडी.

दोन हजार चोवीसच्या जुलैत मला पेपरात एक बातमी दिसली. कोरियाच्या तबकड्यांचा खप बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा उतरला. मला कसलं बरं वाटलं ते लिहायला लाज वाटते. मी ती मोठ्याने वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"किती उतरलो?" त्यांनी विचारलं.

"सातांतलो एक वांटो, म्हणपा सारको."

"म्हणजे सव उरले," त्या म्हणाल्या आणि दोरा तोडला.

मी पान उलटलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. वहीतलं पेन्सिलीचं वाक्य, देवळातली चूक, सगळं. दोन मिनिटांचं काम होतं. त्या रागावल्या नसत्या. राक्षसाची काख, देवाचा नारळ असं काहीतरी बोलून त्यांनी मला हसवलं असतं, असं मला वाटतं. पण मी म्हटलंच आहे, मी त्यांना फारसा ओळखत नव्हतो.

श्रावणात एका पहाटे सुर्ल्याला घरीच त्या गेल्या. झोपेतच, असं सखाराम म्हणाला. बाराव्याला फोंड्याहून आलेली त्यांची मुलगी रोहिणी खोली आवरत होती. तिने माझा शर्ट आणून दिला. शिवून पुरा होता, घडी घातलेली होती, पण बटणं लावायची राहिली होती. बटणांच्या जागी पाच टाचण्या टोचलेल्या होत्या. तिनेच सांगितलं, आईला माहेरी विमला म्हणत. बोर्डावर कुठलं नाव, ते मला तेव्हा कळलं. तो शर्ट मी अजून तसाच ठेवला आहे.

त्या शर्टाच्या मापासाठी मी गेलो होतो, ती आमची शेवटची भेट. शुक्रवार होता. मी पेपर घडी करून उठलो होतो आणि पायरी उतरत होतो, तेव्हा त्यांनी मागून विचारलं.

"भाऊ, बटणां पांढरी लावू काय काळी?"

"खंयचींय चलतलीं."

"मगे सोमवारी न्हेवा."

"बरें."